खड्याच्या पोटात काय आहे?

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने माणिक आणि नीलम यांच्यावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. रत्नशास्त्र हा आमच्या अभ्यासक्रमाचा विषय नाही आणि सराफाच्या काचेआड मांडलेली रत्ने विकत घेण्याची आमच्यापैकी बहुतेकांची ऐपतही नाही. तरीसुद्धा परीक्षेच्या दिवसांत आपल्या महाविद्यालयाच्या कोणत्याही वर्गात सहज डोकावून पाहावे. उत्तरपत्रिकेवर भराभर चालणाऱ्या हातांपैकी कितीतरी हातांत एखादा पिवळा, लाल नाहीतर निळा खडा चमकताना दिसतो. तर्जनीत पुष्कराज, अनामिकेत माणिक, मधल्या बोटात नीलम. कुणाच्या आईने भिशीच्या पैशांतून, कुणाच्या वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून तो घेतलेला असतो. तेव्हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा असला तरी वर्गाबाहेरचा खासच नाही.

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. रत्नांच्या बाबतीत मला ती अर्धीच खरी वाटते. खडा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली नीट धरला, तर पुष्कळदा तो आपली सारी हकीकत स्वतःच सांगतो. तो कोठे वाढला, भट्टीत गेला की नाही, त्याच्या भेगांत कुणी काच ओतली की काय, वरून रंग चढवला की काय, याच्या खुणा त्याच्या पोटात शिल्लक राहतात. प्रश्न एवढाच उरतो की, त्या खुणा ज्याला वाचता येतात तो त्या वाचून दाखवतो की गप्प बसतो. प्रस्तुत लेखात मला जे मांडायचे आहे ते याच गप्प बसण्याविषयी. खड्याचा रंग सुधारणे हा माझ्या मते गुन्हा नाही. सुधारलेला रंग न सांगता विकणे ही मात्र उघड फसवणूक आहे आणि ती थांबवायची तर सर्वसाधारण गिऱ्हाइकाने थोडे पाहायला व बरेचसे विचारायला शिकले पाहिजे.

प्रथम थोडी ओळख. माणिक आणि नीलम ही दोन रत्ने म्हणजे एकाच खनिजाची दोन भावंडे. या खनिजाला संस्कृतात कुरुविंद म्हणतात, आपल्या बोलीत कुरुंद. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही आपल्याच देशातून तिकडे गेलेला आहे. ज्या कुरुंदाच्या दगडावर विळ्या-कोयत्यांना धार लावतात, तोच शुद्ध आणि पारदर्शक रूपात सापडला की रत्न होतो. ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचे हे संयुग. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. अगदी शुद्ध असेल तर ते पाण्यासारखे रंगहीन असते. त्यात क्रोमियमचा अत्यल्प अंश मिसळला की ते लाल होते आणि आपण त्याला माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम एकत्र आले की निळा रंग येतो आणि आपण त्याला नीलम म्हणतो. बाजारात पुष्कराज म्हणून जो पिवळा खडा विकला जातो तोही बहुधा याच घराण्यातला, म्हणजे पिवळा नीलमच असतो. कोशात मात्र पुष्कराज या शब्दाचा अर्थ टोपाझ असा दिलेला आढळेल. सारा रंग असा चिमूटभर परक्या द्रव्याचा खेळ आहे. म्हणूनच त्या द्रव्याला हलवता आले की रंगही बदलता येतो.

हे माणसाला फार पूर्वी उमगले. अकराव्या शतकातल्या अल्‌बिरुनीने रत्नांवरील आपल्या ग्रंथात माणिक तापवून त्याचा रंग सुधारण्याची रीत नोंदवली आहे. श्रीलंकेत कोळशाच्या निखाऱ्यात खडा ठेवून फुंकणीने फुंकर घालत त्याचा रंग उजळवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. याच श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधाळ, धुरकट खडे ढिगाने सापडत. ते कुणी रत्न म्हणून विचारात घेत नसे. १९७० नंतरच्या दशकात थायलंडमधील कारागिरांनी हे टाकाऊ खडे भट्टीत दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापवले आणि आतला दुधाळपणा जाऊन सुरेख निळे नीलम बाहेर पडले. ज्या खड्यांना कालपर्यंत कुणी विचारत नव्हते ते जगभरच्या दागिन्यांत जाऊन बसले. आज बाजारात येणारे बहुतांश माणिक आणि नीलम कधी ना कधी अशा भट्टीतून गेलेले असतात, ही या धंद्यातली जगजाहीर गोष्ट आहे. ती माहीत नसते ती फक्त गिऱ्हाइकाला.

आता यात वाईट काय? माझ्या मते काहीच नाही. आंबा अढीत घालून पिकवतात, त्याला आपण खोटा आंबा म्हणतो का? ऊब दिल्याने आंब्याच्या अंगचाच गोडवा बाहेर येतो. नुसत्या उष्णतेने उजळलेला नीलम हा अढीतल्या आंब्यासारखा होय. त्याचा रंग त्याच्याच पोटातल्या लोहाचा आणि टायटॅनियमचा असतो, आणि तो टिकाऊही असतो. परंतु पुढची पायरी निराळी आहे. बाहेरून रंगद्रव्य घालून खड्याच्या कातडीला रंग देणे म्हणजे कच्च्या कैरीची साल पिवळी रंगवणे. आणि भेगाळलेल्या, फुटक्या कुरुंदात शिसे मिसळलेली काच भरून त्याला माणिक म्हणणे म्हणजे आंब्याच्या सालीत भोपळ्याचा गर भरणे. तिन्ही वस्तू एकाच टोपलीत, एकाच भावाने आणि एकाच नावाने विकायच्या, हे काही योग्य नव्हे.

या तिन्ही वस्तू ओळखायच्या कशा? माझे वडील सोनारकाम करतात. त्यांच्या शेजारी बसून भिंग धरायला मी शिकलो, त्यामुळे चार गोष्टी अनुभवाने सांगू शकतो. भिंग दहापटीचे असावे. खडा आधी मऊ कापडाने स्वच्छ पुसून घ्यावा, नाहीतर वरची धूळ आतला दोष वाटते. भिंग खड्याजवळ न नेता डोळ्याजवळ न्यावे, अगदी भुवईला टेकेल इतके. मग चिमट्यात धरलेला खडा हळूहळू पुढे आणावा. दुसरा डोळा मिटू नये. प्रकाश समोरून न घेता बाजूने घ्यावा, म्हणजे पैलूंची चकाकी डोळ्यांवर येत नाही आणि नजर आत शिरते. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. आठवड्याने दिसायला लागते. महिन्याने आपण काय पाहत आहोत हे थोडेथोडे कळू लागते.

नैसर्गिक खड्याच्या पोटात पाहणे हा एक वेगळाच आनंद आहे. कुठे रुटाइल नावाच्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया तीन दिशांनी एकमेकींना साठ अंशांत छेदत पसरलेल्या असतात. त्यांना या व्यवसायात 'रेशीम' म्हणतात, आणि प्रकाश त्यांवर पडला की खरोखरच रेशमी लकाकी उठते. कुठे जुन्या भेगा निसर्गाने स्वतःच सांधलेल्या असतात. त्या बोटांच्या ठशांसारख्या दिसतात. कुठे रंगाचे सरळ पट्टे एकमेकांना कोनात मिळालेले दिसतात, कारण स्फटिक षट्कोनी आकाराने वाढत गेलेला असतो. कुठे दुसऱ्याच खनिजाचा इवलासा स्फटिक पाहुण्यासारखा आत अडकून पडलेला असतो. स्वित्झर्लंडमधील एदुआर्द ग्युबेलिन (१९१३–२००५) यांनी आपले आयुष्य या अंतर्भागाच्या अभ्यासाला वाहिले. खड्याच्या आतली सृष्टी पाहून तो कोणत्या खाणीतला असावा हे पुष्कळदा सांगता येते, हे जगाला पटवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडेही रत्नपरीक्षेची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त रत्नांच्या परीक्षेला स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. पण बाजारात या खुणांना आपण सरसकट 'दोष' म्हणत आलो. मला वाटते, हा शब्द आता बदलावा. या खुणा म्हणजे खड्याचा जन्मदाखला आहे. स्वस्तात मिळालेले, मोठे, तांबडेलाल आणि आतून निखळ स्वच्छ माणिक दिसले की हरखून जाण्याऐवजी सावध व्हावे.

भट्टीत गेलेल्या खड्याचा जन्मदाखला फाटत नाही. त्यावर नव्या नोंदी होतात. प्रखर उष्णतेने रेशमाच्या सुया विरघळू लागतात. अखंड रेषेच्या जागी तुटक ठिपके दिसतात, जणू कुणी रेघ खोडरबराने मधूनमधून पुसली आहे. आत अडकलेला पाहुणा स्फटिक वितळतो किंवा फुगतो, आणि त्याच्याभोवती ताणाने तबकडीच्या आकाराची चमकदार भेग पडते. काही स्फटिक बर्फाच्या गोळ्यासारखे पांढुरके, गोलसर दिसू लागतात. याउलट रेशीम लांब, सलग आणि धारदार दिसले, तर खडा फार मोठ्या तापमानाला गेलेला नाही असे समजायला हरकत नाही. म्यानमारमधील मोंगशू येथील माणिक १९९० नंतर बाजारात आले. त्यांच्या गाभ्यात काळसर निळी झाक असते. ती घालवण्यासाठी ते टाकणखारासारख्या द्रव्यांबरोबर तापवतात. ही द्रव्ये भेगांत शिरून त्या सांधतात आणि सांध्यांत काचेसारखा अवशेष मागे राहतो. भिंगाखाली तो थेंबाथेंबांच्या जाळीसारखा दिसतो. अशा सांध्याचे प्रमाण किती यावर किंमत ठरायला हवी. प्रत्यक्षात पावतीवर त्याचा उल्लेखही नसतो.

दुसरी युक्ती म्हणजे कातडीला रंग देणे. फिक्या नीलमाला पैलू पाडून तो टायटॅनियमच्या भुकटीत पुरतात आणि अतिशय उच्च तापमानाला बराच काळ ठेवतात. टायटॅनियम पृष्ठभागातून आत झिरपते, पण फार खोल जात नाही; रंगाचा थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. वरून पाहणाऱ्याला खडा गर्द निळा दिसतो. तो ओळखण्याची रीत इतकी सोपी आणि सुंदर आहे की मला तिचे नेहमी कौतुक वाटते. पांढऱ्या बशीत खडा बुडेल एवढे द्रव घ्यावे आणि खालून पसरट उजेड द्यावा. तज्ज्ञ मंडळी यासाठी मेथिलीन आयोडाइड वापरतात, पण ग्लिसरीनने, अगदी साध्या पाण्यानेही काही अंशी काम भागते. द्रवात खड्याची चकाकी मावळते आणि रंग नेमका कोठे बसला आहे ते उघडे पडते. नैसर्गिक रंग आत पट्ट्यापट्ट्यांनी असतो आणि त्याला पैलूंशी काही देणेघेणे नसते. कातडीला दिलेला रंग मात्र पैलूंच्या कडांवर आणि कमरेच्या रेषेवर दाटतो, जणू खड्याचा आराखडा कुणी शाईने काढून ठेवला आहे. पुन्हा घासताना काही पैलूंवरचा थर निघून गेलेला असतो; ते पैलू फिके दिसतात. खळग्यांत आणि भेगांत रंग साचलेला असतो. असा खडा उद्या ओरखडा पडला म्हणून पुन्हा घासायला दिला, तर निळा गेलेला नीलम पांढरा होऊन परत येईल.

रंगवण्याचा गावठी प्रकार याहून सोपा. भेगाळलेला हलका कुरुंद लाल तेलात किंवा रंगात मुरवतात. भिंगातून पाहिले की रंग खड्यात नसून भेगांच्या जाळ्यात बसलेला दिसतो, आणि ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसले तर पुष्कळदा बोळाच लाल होतो. कारखान्यात घडवलेल्या माणकाची गोष्ट याहून जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्न्युई यांनी १९०२ साली ज्योतीत भुकटी वितळवून माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली. हे माणिक रासायनिकदृष्ट्या माणिकच असते. पण निसर्ग सरळ रेषेत वाढवतो आणि ती ज्योत थेंबावर थेंब चढवते. त्यामुळे आत ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा आणि कधी बारीक बुडबुडे दिसतात. एक सरळ रेषा आणि एक वक्र रेषा यांत एवढे अंतर आहे!

आता ज्या प्रकाराने मला हा लेख लिहायला भाग पाडले त्याकडे वळतो. साधारण २००४ पासून बाजारात शिसेयुक्त काच भरलेली माणके येऊ लागली. मूळचा कुरुंद इतका भेगाळलेला असतो की त्याला एरवी कुणी पैलूही पाडला नसता. तो आम्लाने धुऊन स्वच्छ करतात आणि त्यात शिसे मिसळलेली वितळलेली काच भरतात. या काचेचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळजवळ माणकासारखा असल्यामुळे भेगा दिसेनाशा होतात. दगड एका दिवसात रत्न होतो. भिंगाखाली मात्र तो लपत नाही. खडा हळूहळू फिरवला की भेगेच्या पातळीवर निळी किंवा नारिंगी ठिणगी क्षणभर चमकते आणि विझते. काचेत अडकलेले गोल व चपटे बुडबुडे दिसतात. आणि पृष्ठभागावर जेथे काच बाहेर येते तेथे चकाकी मंदावलेली असते, कारण काच कुरुंदापेक्षा पुष्कळ मऊ. काही प्रयोगशाळा या वस्तूला माणिक न म्हणता माणिक आणि काच यांचे मिश्रण म्हणतात, ते रास्तच आहे.

माझ्या वडिलांच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करतात. मुलाला नोकरी लागावी म्हणून कुणा ज्योतिषाच्या सांगण्यावरून त्यांनी जिल्ह्याच्या गावच्या एका पेढीतून माणकाची अंगठी घेतली होती. अठरा हजारांची, हप्त्याने. अंगठी मुलाच्या बोटाला घट्ट होत होती. कडे कापून मध्ये तुकडा झाळायचा, एवढेच काम. माणिक आच सोसते, हे सोनाराला परंपरेने माहीत असते. वडिलांनी नेहमीप्रमाणे खडा ओल्या चिंधीत गुंडाळून बाजूला झाळ दिली आणि अंगठी उजळायला सौम्य तेजाबात टाकली. बाहेर काढली तेव्हा तांबड्या खड्यावर पांढऱ्या रेघांचे जाळे उभे राहिले होते. झाळीच्या आचेने काच हलली होती आणि तेजाबाने ती पृष्ठभागावर खाऊन टाकली होती. लिंबाच्या रसानेसुद्धा ही काच खराब होते, मग तेजाबाचे काय विचारावे!

बाई रडू लागल्या. "दादा, तुम्ही माझा खडा जाळलात," एवढेच त्या म्हणत होत्या. वडील त्यांना घेऊन त्या पेढीवर गेले. तेथे उत्तर मिळाले, "आम्ही दिला तेव्हा खडा चांगला होता. कारागिराने जाळला, त्याला आम्ही काय करणार?" पावतीवर लिहिले होते: 'माणिक खडा, नग एक'. ना काचेचा उल्लेख, ना प्रक्रियेचा. वडिलांनी पुढच्या सहा महिन्यांत त्या बाईंना निम्मी रक्कम दिली. ती देण्याचे त्यांना कायद्याने बंधन नव्हते. पण गावात दुकान चालवायचे म्हणजे तोंडावर विश्वास राखावा लागतो. त्या रात्री आम्ही दोघांनी तो खडा भिंगाखाली धरला. जेथे काच शिल्लक होती तेथे ती निळी ठिणगी अगदी स्वच्छ दिसत होती.

या एका घटनेत मला सगळा व्यवहार दिसतो. खाण मालकाने दगड विकला, भट्टीवाल्याने काच भरली, घाऊक व्यापाऱ्याला ते ठाऊक होते, पेढीलाही ठाऊक असावे. माहिती साखळीत वरून खाली येताना गळत गेली, आणि तोटा मात्र सर्वांत खालच्या दोघांनी, म्हणजे खडा घेणाऱ्या बाईने आणि झाळणाऱ्या सोनाराने वाटून घेतला. ज्याला कमी ठाऊक त्याने जास्त भरायचे, असा हा हिशेब आहे. तेव्हापासून वडील कोणताही खडा आचेजवळ नेण्यापूर्वी भिंगातून पाहतात, काय दिसले ते वहीत लिहितात आणि गिऱ्हाइकाची सही घेतात. शाळेची सातवी शिकलेला कारागीर एक ओळ लिहू शकतो, तर वातानुकूलित पेढीला ती पावतीवर लिहिता येऊ नये?

यावर नेहमी तीन युक्तिवाद ऐकू येतात. पहिला असा की, 'सांगितले तर गिऱ्हाईक घाबरेल आणि धंदा बसेल.' मला हे पटत नाही. सोन्याच्या शुद्धतेची छाप देशात २००० साली सुरू झाली आणि २०२१ च्या जूनपासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्यात आली. तिच्यामुळे सोन्याचा धंदा काही बसला नाही. उलट बावीस कॅरट म्हणजे बावीसच, एवढा भरवसा आला. ही छाप अंगठीच्या सोन्याविषयी बोलते, खड्याविषयी अवाक्षर काढत नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. छाप पाहून ते अंगठीसकट खड्यावरही विश्वास टाकतात.

दुसरा युक्तिवाद अधिक बेरकी. 'असल्या अंधश्रद्धेने खडे घेणाऱ्याला फसवले तर काय बिघडले? मुळात त्यानेच डोके वापरायचे होते.' रत्नांनी ग्रह शांत होतात यावर माझा स्वतःचा विश्वास नाही. पण दुसऱ्याचा विश्वास हा त्याला लुबाडण्याचा परवाना होऊ शकत नाही. आणि गंमत अशी की श्रद्धावानाला त्याच्या श्रद्धेच्या हिशेबानेच फसवले जाते. नीलम लाभतो की नाही हे पाहण्यासाठी जो तीन रात्री तो उशाखाली ठेवून स्वप्ने तपासतो, त्याला निसर्गाच्या हातचा अस्पर्श खडा हवा असतो. त्याच्या हाती भट्टीतला, क्वचित टायटॅनियमने रंगवलेला खडा पडतो. विज्ञाननिष्ठ माणसाने आणि श्रद्धाळू माणसाने निदान एका मागणीवर एकत्र यायला हरकत नसावी: जे आहे ते लिहून द्या.

तिसरा युक्तिवाद प्रामाणिक आहे. 'आजकालच्या काही प्रक्रिया आम्हांलाही ओळखता येत नाहीत,' असे काही सराफ म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि भिंगाची मर्यादा सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. २००२ च्या सुमारास थायलंडमधून नारिंगी-गुलाबी नीलम अचानक मोठ्या संख्येने बाजारात आले. पुढे उलगडा झाला की बेरिलियम हे अतिशय हलके मूलद्रव्य भट्टीत खड्यात झिरपवले जात होते. टायटॅनियमप्रमाणे ते कातडीशी थांबत नाही. वेळ दिला तर खड्याच्या आरपार जाते. काही खड्यांत द्रवात बुडवल्यावर कडेला नारिंगी वलय दिसते, पण रंग आरपार गेला असेल तर भिंग मुके होते आणि खड्यातील मूलद्रव्ये मोजणारी महागडी यंत्रेच निर्णय देऊ शकतात. तेव्हा महिनाभर भिंग धरून कुणी रत्नपारखी होत नाही. भिंगाचा खरा उपयोग 'हे खरे आहे' असे छातीठोकपणे सांगण्यापेक्षा 'येथे विचारायला हवे' हे कळण्यासाठी आहे. डोळ्यांनी केलेल्या पारखेचा पराभव राजेरजवाड्यांच्या खजिन्यांतही झालेला आहे. इंग्लंडच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' म्हणून मिरवणारा खडा माणिक नसून स्पिनेल आहे. फरक एवढाच की त्या खड्याला शतकानुशतके माणिक म्हणणाऱ्यांपाशी ओळखण्याचे साधन नव्हते. आजच्या पेढीपाशी ते आहे. मुंबई-जयपूरच्या प्रयोगशाळा आहेत. ओळखता येत नसेल तर 'तपासलेले नाही' असे लिहावे. तेही एक सत्यच होय.

मग आपण काय करावे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. पण हक्क मागितल्याशिवाय कुणी ताटात वाढत नाही. खडा घेताना चार प्रश्न विचारावेत. खडा नैसर्गिक की कारखान्यात घडवलेला? तापवलेला आहे का? बाहेरून रंग किंवा काच भरली आहे का? आणि हे सारे पावतीवर लिहून मिळेल का? चौथ्या प्रश्नाला जो चाचरतो त्याच्या पहिल्या तीन उत्तरांना काही किंमत नाही. प्रमाणपत्र दिले तर त्याचा सोनेरी मथळा न वाचता तळाचा बारीक अक्षरांतला शेरा वाचावा. वर 'नैसर्गिक माणिक' आणि खाली 'भेगांत काच आढळली' असे असू शकते. त्या अंगणवाडीतल्या बाईंच्या पावतीवर अशी एकच ओळ असती, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला त्यांना काही आधार तरी राहिला असता.

आपल्या महाविद्यालयापुरती माझी एक सूचना आहे. ग्राहक मंचाचा फलक आपल्याकडे आहेच. त्याच्या खाली वर्षातून एकच कार्यक्रम होतो आणि त्यात भाषण होते. त्याऐवजी एका शनिवारी एक भिंग, एक पांढरी बशी आणि शेजारच्या विज्ञान विभागाचा एक सूक्ष्मदर्शक मांडून ठेवावा. ज्यांच्या बोटांत खडे आहेत त्यांनी यावे, पाहावे. कुणाच्या श्रद्धेची टर उडवायची नाही आणि कुणाला 'तुझा खडा खोटा' असे सांगायचेही नाही. फक्त आत काय दिसते ते कागदावर काढायचे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेथे माहितीची विषमता पुस्तकाबाहेर भेटेल. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला भीतीचा बाजारभाव कळेल. आणि मराठीच्या विद्यार्थ्याला 'पारख' या शब्दाचा अर्थ.

हा शेवटचा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटतो. कविता असो, ऐतिहासिक कागद असो की निवडणुकीतले भाषण असो, कला शाखा आपल्याला जे शिकवते ते मुळात नीट पाहणेच असते: वरच्या चकाकीला न भुलता उजेड बाजूने घेणे, आणि रेषा कोठे सरळ आहे, कोठे वाकली आहे, कोठे तुटली आहे ते शोधणे. पण पाहून गप्प बसणाऱ्या जाणकारांची आपल्या समाजात मुळीच वाण नाही. पेढीवरच्या त्या जाणकारालाही ती निळी ठिणगी दिसली असणारच. वाण आहे ती पाहिलेले चारचौघांत सांगणाऱ्यांची आणि स्वच्छ अक्षरात लिहून त्याखाली सही करणाऱ्यांची. त्यांची संख्या वाढवण्याचे काम तरी आपल्या वर्गांतून व्हावे, एवढीच अपेक्षा.